कोर्कोवादोवरचा ख्रिस्त: हे काम नेमके कोणाचे?

पाथरवट (धागालेखक)

रिओ दि जानेरोच्या कोर्कोवादो डोंगरावरचा येशू ख्रिस्ताचा पुतळा जगभर ओळखीचा आहे, पण तो कोणी घडवला असे विचारले तर उत्तर देशागणिक बदलते. फ्रान्समध्ये पॉल लांडोव्स्की या शिल्पकाराचे नाव घेतात. रुमेनियात गेओर्गे लेओनिदाचे घेतात, कारण चेहरा त्याच्या हातचा आहे. ब्राझीलमध्ये मात्र हा मान एइतोर दा सिल्वा कोस्टा या स्थापत्य अभियंत्याला दिला जातो. माझे मत ब्राझीलच्या बाजूचे आहे आणि ते सविस्तर मांडावे म्हणून हा धागा काढला आहे.

या डोंगरावर काहीतरी धार्मिक स्मारक असावे ही कल्पना पुतळ्यापेक्षा बरीच जुनी आहे. १८५० च्या दशकात पेद्रू मारिया बॉस नावाच्या धर्मगुरूंनी ती राजकन्या इझाबेल यांच्याकडे मांडली होती, पण तिला राजाश्रय मिळाला नाही. पुढे १८८९ मध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले, धर्मसंस्था आणि राज्यसंस्था यांची फारकत झाली आणि सरकारी खर्चाने असे काही उभे राहण्याची शक्यता उरली नाही. पहिल्या महायुद्धानंतर रिओतल्या कॅथलिक मंडळींनी विषय पुन्हा काढला, सह्या गोळा केल्या आणि लोकवर्गणी सुरू केली. ब्राझीलच्या स्वातंत्र्याला १९२२ मध्ये शंभर वर्षे पूर्ण होत होती. तो मुहूर्त साधून त्या वर्षीच्या ४ एप्रिलला कोनशिला बसली. प्रत्यक्ष बांधकामाला खरा वेग यायला मात्र १९२६ साल उजाडले.

सिल्वा कोस्टांची निवड स्पर्धेतून झाली होती. त्यांच्या पहिल्या आराखड्यात ख्रिस्ताच्या एका हातात भला मोठा क्रूस आणि दुसऱ्या हातात पृथ्वीचा गोल होता. रिओच्या लोकांनी त्याला लगेच ‘चेंडूवाला ख्रिस्त’ असे नाव ठेवले. थट्टा बाजूला ठेवली तरी आराखड्यात एक मूलभूत अडचण होती. डोंगराचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ७१० मीटर उंच, आणि शहर खाली, समुद्राला लागून. तिथून पाहणाऱ्याला हातातला क्रूसही कळला नसता आणि गोलही कळला नसता. एक वेडावाकडा सुळका तेवढा दिसला असता. १९२२ च्या शताब्दी प्रदर्शनासाठी कोर्कोवादोवर रेडिओचे प्रक्षेपण यंत्र बसवले होते, आणि ब्राझीलमधले पहिले रेडिओ प्रक्षेपण त्याच वर्षी ७ सप्टेंबरला झाले. त्या यंत्राचा मनोरा बोताफोगो भागातून पाहताना क्रूसासारखा भासला आणि तिथून सिल्वा कोस्टांना सगळी आकृतीच क्रूस करण्याची कल्पना सुचली, असे सांगतात. कथा शंभर टक्के तशीच घडली असो वा नसो, बदल अतिशय शहाणपणाचा होता. चित्रकार कार्लोस ओस्वाल्ड यांच्याबरोबर बसून त्यांनी नवी मुद्रा ठरवली: हातात काही नाही, दोन्ही बाहू आडवे पसरलेले, अंगावर सरळ पडणारा झगा. माणूस आणि क्रूस या दोन गोष्टी एकाच रेषेत आल्या आणि मैलभरावरूनही वाचता येऊ लागल्या.

या निर्णयाने चित्राचा प्रश्न सुटला, पण बांधकामाचा प्रश्न जन्माला आला. पुतळा ३० मीटर उंच, त्याखाली ८ मीटरचा चौथरा, आणि एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचे अंतर २८ मीटर. म्हणजे उंची आणि रुंदी जवळजवळ सारखी, आणि रुंदीचा मोठा भाग हवेत. माथ्यावर जागा अशी नव्हतीच; तिथे पूर्वी ‘सूर्याची टोपी’ नावाचा लोखंडी निरीक्षण मंडप होता, तो काढून चौथऱ्यापुरती जागा मोकळी केली गेली. सिल्वा कोस्टा युरोपात गेले. पॅरिसजवळच्या बुलोन-बिलांकूर येथील कार्यशाळेत लांडोव्स्कींनी चार मीटरची प्रतिकृती केली, मस्तक आणि हात मात्र पूर्ण आकारात मातीत घडवले. त्यांचे तुकडे जहाजाने रिओला आले. बाकीचे शरीर प्रतिकृतीवरून मापे वाढवत अभियंत्यांनी जागेवर उभे केले. गणिताची बाजू आल्बेर काको या नामांकित फ्रेंच अभियंत्याच्या कचेरीने सांभाळली. साधन म्हणून पोलादी सांगाडा किंवा ब्राँझ यांऐवजी सलोह काँक्रीट आले, म्हणजे आपण बोलताना ज्याला आरसीसी म्हणतो ते.

आता काँक्रीट उभे राहिले तरी ते दिसायला काँक्रीटच. देवाची मूर्ती करड्या, खरबरीत गिलाव्याची ठेवायला सिल्वा कोस्टांचे मन धजेना. पॅरिसमधल्या शाँझेलिझेवरच्या एका नव्या, छत असलेल्या बाजारात त्यांनी एक कारंजे पाहिले, ज्याच्या वळणदार अंगावर चंदेरी तुकड्यांचे जडावकाम केले होते. सपाट लादी वळणावर बसत नाही. लहान तुकडा बसतो. त्यांनी तुकड्यांसाठी सोपस्टोन निवडला, म्हणजे शंखजिऱ्याच्या जातीचा मऊ दगड. हा दगड मिनास जेराईस प्रांतात मुबलक आहे. तिथल्या कोंगोन्यास गावात अलेजादिन्यू या शिल्पकाराने १८०० ते १८०५ या काळात घडवलेले जुन्या करारातले बारा संदेष्टे याच जातीच्या दगडाचे आहेत आणि उघड्यावर उभे आहेत. म्हणजे दगड ऊनपावसाच्या परीक्षेला आधीच बसलेला होता.

दगडाचे त्रिकोणी तुकडे कापले गेले, साधारण तीन सेंटीमीटर बाजूचे आणि अर्धा सेंटीमीटर जाडीचे. ते काँक्रीटवर एकेक करून लावणे अशक्य होते, म्हणून रिओतल्या बायकांनी चर्चच्या आवारात बसून ते कापडाच्या पट्ट्यांवर चिकटवले, आणि मग त्या पट्ट्या गवंड्यांनी वर नेऊन पुतळ्याच्या अंगावर बसवल्या. एकूण तुकडे साठ लाखांच्या घरात असल्याचे सांगितले जाते. काम करता करता काही बायका तुकड्याच्या मागच्या बाजूला आपल्या माणसांची नावे लिहीत असत. तुकडा बसला की नाव काँक्रीटकडे तोंड करून कायमचे आत गेले. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत या बायकांना एखादे वाक्य मिळते. वास्तविक आपण जी त्वचा पाहतो ती सगळी त्यांच्या हाताखालून गेलेली आहे.

१२ ऑक्टोबर १९३१ रोजी उद्घाटन झाले. दिवे इटलीतून मार्कोनींनी रेडिओ लहरी पाठवून लावावेत असा थाटाचा बेत होता. हवामानामुळे तो नीट साधला नाही, अशीही एक हकीकत आहे.

माझा मुद्दा एवढाच की मुद्रा, साधन, त्वचा आणि उभारणी हे चारही निर्णय सिल्वा कोस्टांचे आहेत. लांडोव्स्कींचे कौशल्य मी नाकारत नाही, पण घराच्या दारावरचे कोरीवकाम ज्याने केले त्याला आपण घर बांधणारा म्हणत नाही. सदस्यांची मते वाचायला आवडतील.

सळई_सिमेंट

लेख आवडला. पूल आणि इमारतींच्या गणितात आयुष्य गेलेले असल्याने बाहूंविषयी थोडी भर घालतो.

या पुतळ्याच्या आत खांब, तुळया आणि मजल्यांची रचना आहे. मजले बारा, मध्ये जिना. बाहेरून जो झगा दिसतो तो या सांगाड्यावर चढवलेले कवच आहे. तेव्हा धडापुरते पाहिले तर ही एक अरुंद, उंच इमारतच झाली, आणि अशी इमारत १९२० च्या दशकात कोणत्याही चांगल्या अभियंत्याला बांधता आली असती. खरी परीक्षा बाहूंची. आपल्याकडच्या सज्जाचा विचार करा: एक टोक भिंतीत अडकवलेले, दुसरे मोकळे. सज्जा जितका लांब, तितका त्याच्या मुळाशी ताण वाढतो, आणि हा ताण लांबीच्या प्रमाणात न वाढता त्याहून कितीतरी वेगाने वाढतो, कारण वजनही वाढते आणि ते वजन मुळापासून दूरही जाते. इथे दोन सज्जे एकमेकांच्या विरुद्ध दिशांना आहेत, त्यामुळे उभ्या भाराचा तोल एकमेकांना सांभाळतो. पण वारा समोरून आला की दोन्ही बाहू शिडासारखे वागतात, आणि वारा तिरका आला तर एका बाहूवर जास्त आणि दुसऱ्यावर कमी दाब पडून धडाला पीळ बसतो. डोंगरमाथ्यावर वारा अडवायला काही नसते. हे सगळे हिशेब कागद, पेन्सिल आणि सरकपट्टीवर झालेले आहेत, हे आजच्या संगणकावर काम करणाऱ्या मुलांनी लक्षात घ्यावे.

झग्याच्या रुंद बाह्या ही मला फार हुशार गोष्ट वाटते. पाहणाऱ्याला त्या वस्त्राच्या चुण्या वाटतात, पण मुळाशी जाड आणि टोकाकडे निमुळता होत जाणारा हा आकार म्हणजे सज्जाला हवा असतो तोच आकार. शिल्पकाराने अभियंत्याला जागा दिली की अभियंत्याने शिल्पकाराला, हे आता ठरवणे कठीण आहे. म्हणूनच पाथरवट यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. श्रेय वाटायचेच असेल तर काको यांचे नाव ओझरते घेऊन चालणार नाही. सिल्वा कोस्टांनी स्वप्न पाहिले आणि ते तडीस नेले हे खरे, परंतु ते पडणार नाही याची हमी देणारी सही काकोंच्या कचेरीची होती.

दुसरी गोष्ट वाहतुकीची. हे सगळे सामान वर गेले कसे? कोर्कोवादोवर जाणारी दातेरी रूळांची रेल्वे सम्राट दुसरे पेद्रू यांच्या काळात, १८८४ मध्ये सुरू झाली होती आणि १९१० मध्ये तिचे विद्युतीकरण झाले होते. ही गाडी जवळपास चार किलोमीटर चढते. आधीपासून रेल्वे नसती तर हा पुतळा या डोंगरावर झालाच नसता, दुसऱ्या एखाद्या ठेंगण्या टेकडीवर झाला असता.

निर्मळकाठ

मी वसईची, कॅथलिक कुटुंबातली, त्यामुळे या विषयाकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहते.

पुतळ्याच्या छातीवर एक हृदय आहे, ते छायाचित्रांत बारकाईने पाहिल्याशिवाय दिसत नाही. ते येशूच्या पवित्र हृदयाचे चिन्ह आहे. आमच्याकडे वसईत जुन्या घरांच्या ओटीवर पवित्र हृदयाची तसबीर हमखास असते, खाली दिवा असतो, आणि घर त्या हृदयाला समर्पित करण्याचा विधी धर्मगुरू करतात. रिओत हाच विधी देशाच्या पातळीवर झाला: उद्घाटनाच्या वेळी कार्डिनल सेबास्तियाव लेमे यांनी ब्राझील देश पवित्र हृदयाला समर्पित केला. त्या काळाचा संदर्भही लक्षात घ्यायला हवा. पोप अकरावे पायस यांनी १९२५ मध्ये ख्रिस्तराजाचा सण सुरू केला, जो आम्ही आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) आधीच्या रविवारी साजरा करतो. राजे जात होते, नवी सरकारे धर्माला बाजूला सारत होती, आणि त्याला उत्तर म्हणून चर्च ‘खरा राजा ख्रिस्त आहे’ असे जाहीरपणे म्हणत होते. डोंगरावरचे, शहराच्या डोक्यावर उभे राहणारे पुतळे याच काळात आणि याच भूमिकेतून वाढले. तेव्हा ‘काम कोणाचे’ या प्रश्नाच्या उत्तरात ज्यांनी ते करवून घेतले त्यांचाही वाटा धरावा.

आणखी एक गोष्ट अशी की हृदयाची जागा आतल्या बाजूनेही दाखवलेली आहे. बांधकामाची प्रत्यक्ष देखरेख करणारे एइतोर लेव्ही हे ज्यू होते आणि या कामादरम्यान ते कॅथलिक झाले, अशी हकीकत सांगतात. त्यांनी आपल्या कुटुंबीयांची नावे लिहिलेला कागद काचेच्या बाटलीत घालून त्या हृदयात ठेवला, असेही म्हणतात. पाथरवट यांनी बायकांनी तुकड्यांमागे लिहिलेल्या नावांविषयी लिहिले आहे, ते वाचून मला नवल वाटले नाही. देवाच्या कामात आपल्या माणसाचे नाव कुठेतरी असावे, ते कोणी वाचले नाही तरी चालेल, ही भावना आमच्याकडच्या चर्चमध्ये बाक किंवा घंटा देणाऱ्यांपेक्षा वेगळी आहे, कारण त्यांना नाव दर्शनी भागावर हवे असते! (हे थोडे खोचक झाले, पण खरे आहे.)

तर्कट

धर्मसंस्था आणि राज्यसंस्था यांची फारकत झालेल्या देशात, राजधानीच्या सर्वांत ठळक डोंगरावर एका पंथाचे प्रतीक उभे राहते, याला त्या वेळी कोणी विरोध केला नाही का? तेव्हा रिओ ही राजधानी होती, म्हणून विचारतो.

पाथरवट (धागालेखक)

विरोध झाला होता, आणि त्यात ब्राझीलमधले बाप्टिस्ट ख्रिस्ती आघाडीवर होते. त्यांच्या मते ही मूर्तिपूजा होती, आणि सार्वजनिक जागेवर एका संप्रदायाचा ठसा उमटवणे हे प्रजासत्ताकाच्या तत्त्वाला धरून नव्हते. म्हणजे आक्षेप निधर्मी लोकांपुरता मर्यादित नव्हता, तो ख्रिस्ती लोकांच्या आतूनही आला. पुतळा वर्गणीतून उभा राहिला याचे महत्त्व इथे आहे. त्यामुळे सरकारला अंग काढून घ्यायला जागा मिळाली. तरीही उद्घाटनाच्या वेळी राष्ट्रप्रमुख जेतुलियो वार्गास यांची उपस्थिती होतीच. नुकतीच सत्ता हाती आलेल्या माणसाला चर्चची सदिच्छा नको असते असे थोडेच आहे?

हा तिढा आजही सुटलेला नाही. पुतळा रिओच्या महाधर्मप्रांताच्या ताब्यात आहे, तर तो ज्या डोंगरावर आहे तो तिजुका राष्ट्रीय उद्यानाचा भाग असून केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतो. वरच्या चौथऱ्यात २००६ मध्ये आपारेसिदाच्या मातेचे, म्हणजे मरियेचे, छोटे प्रार्थनामंदिर झाले, तिथे लग्ने आणि बाप्तिस्मे होतात. मात्र तिथवर पोचायचा रस्ता, तिकिटे, स्वच्छता आणि सुरक्षा यांत दोन्ही यंत्रणांचे अधूनमधून खटके उडतात. देवळाचा गाभारा गुरवांकडे आणि डोंगर वनखात्याकडे असला की काय होते, हे आपल्याकडच्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

साओपाउलोवासी

नोकरीमुळे ब्राझीलमध्ये राहतो. रिओला पाहुणे आले की कोर्कोवादोला जाणे अटळ असते, म्हणून दोन-तीन गोष्टी नोंदवतो.

धाग्यात जंगलाचा उल्लेख फारसा आला नाही, आणि माझ्या मते ती मोठी उणीव आहे. कोर्कोवादोच्या भोवतीचे तिजुकाचे घनदाट रान बरेचसे माणसाने लावलेले आहे. एकोणिसाव्या शतकात या उतारांवर कॉफीचे मळे होते. झाडे तोडल्यामुळे झरे आटले आणि शहराला पाण्याची टंचाई भासू लागली. तेव्हा सम्राटाच्या आज्ञेने १८६१ पासून मेजर मानुएल गोमेस आर्शेर यांच्या देखरेखीखाली पुन्हा वृक्षलागवड झाली. रेल्वेत बसून वर जाताना खिडकीबाहेर जे हिरवे दिसते ते या खटाटोपाचे फळ आहे. आणि फळावरून सांगायचे तर त्या रानात पावलोपावली फणस आहेत. पोर्तुगीजांनी फणस हिंदुस्थानातून ब्राझीलला नेला, तो तिथे इतका रुजला की आता तिजुकातल्या स्थानिक झाडांना जागा उरत नाही, आणि उद्यानाचे कर्मचारी फणसाची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी झटत असतात. कोकणातला माणूस हे ऐकून आधी हसतो, मग हळहळतो.

पुतळ्याचे तोंड पूर्वेला, ग्वानाबारा खाडीच्या मुखाकडे आहे. उजवा हात दक्षिणेकडच्या इपानेमाच्या बाजूला येतो आणि डावा उत्तरेकडच्या माराकानाच्या बाजूला. छायाचित्र हवे असेल तर सकाळी जावे, कारण दुपारनंतर सूर्य पुतळ्याच्या पाठीमागे जातो आणि चेहरा काळा येतो. ढगांचे मात्र काही सांगता येत नाही. खाली लख्ख ऊन असताना वर ढगात शिरून हातभर अंतरावरचे दिसत नाही, असे नेहमी घडते. तिकीट काढण्याआधी खालून डोंगराकडे एकदा मान वर करून पाहणे एवढा एकच भरवशाचा उपाय आहे. पूर्वी स्थानकापासून वर सुमारे २२० पायऱ्या चढाव्या लागत. २००३ मध्ये लिफ्ट आणि सरकते जिने झाले, त्यामुळे वयस्कर मंडळींना घेऊन जायला हरकत नाही. ज्यांना चालायचे आहे त्यांच्यासाठी लाजे उद्यानातून रानातली वाट आहे. ती शेवटी चांगलीच अंगावर येते.

निर्मळकाठ यांनी ‘राजा’ म्हटले, त्यावरून एक प्रसंग. १९८९ च्या कार्निवलमध्ये बैजा-फ्लोर या सांबा मंडळाचे कल्पक दिग्दर्शक जोआउसिन्यू त्रिंता यांनी मिरवणुकीसाठी भिकाऱ्याच्या वेशातला, फाटक्या कपड्यांतला ख्रिस्त तयार केला. मुद्रा कोर्कोवादोचीच, बाहू पसरलेले. महाधर्मप्रांताने न्यायालयात जाऊन मनाई मिळवली. मंडळाने आकृती रद्द न करता ती काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि वर फलक लावला: ‘बंदी असली तरी आमच्याकडे लक्ष असू दे.’ झाकलेला ख्रिस्त रस्त्यावरून गेला आणि प्रत्येकाला तो ओळखता आला. त्या वर्षी मंडळ दुसरे आले, पण पहिले कोण आले हे आज किती लोकांना आठवते, हा प्रश्नच आहे. प्लास्टिकमध्ये गुंडाळूनही ओळखू येतो, यावरून मूळ लेखातला मुद्रेविषयीचा मुद्दा सिद्ध होतो असे मला वाटते.

चित्रलेखणी

लांडोव्स्कींची बाजू घ्यायला इथे कोणी नाही, म्हणून मी घेते.

‘दारावरचे कोरीवकाम’ ही उपमा मला अन्यायाची वाटली. लांडोव्स्की १९०० मध्ये फ्रान्सचे मानाचे रोम पारितोषिक मिळवलेले शिल्पकार. पॅरिसच्या तुर्नेल पुलावरची संत जेनेविएव्ह त्यांचीच, आणि नानजिंगच्या समाधिस्थळातली सुन यत-सेन यांची बैठी संगमरवरी मूर्तीही त्यांचीच. मोठ्या अंतरावरून वाचली जाणारी आकृती कशी घडवावी हे त्यांना चांगले ठाऊक होते. कोर्कोवादोच्या झग्याकडे पाहा. चुण्या खोल, मोजक्या आणि जवळजवळ सरळ आहेत. तपशिलाचा मोह कुठेही नाही. मस्तक किंचित पुढे झुकलेले आहे, कारण त्याला पाहणारा नेहमी खालीच असणार. ही सगळी आर्ट डेकोची भाषा आहे. मुंबईच्या वाचकांना ती परकी वाटू नये, कारण मरीन ड्राइव्ह, ओव्हल मैदानासमोरच्या इमारती, रीगल आणि इरॉस चित्रपटगृहे याच दशकातली आणि याच शैलीतली आहेत. तिथेही काँक्रीटला उभ्या रेघा आणि गोलसर कोपरे देऊन देखणे केलेले दिसते. काँक्रीट हे साधन आणि आर्ट डेको ही शैली एकमेकांसाठीच जन्मल्या होत्या, आणि शैलीची निवड अभियंता करत नाही.

‘शिल्प म्हणून सामान्य’ असे जे वारंवार म्हटले जाते (धाग्यात कोणी तसे थेट म्हटले नाही, पण सूर तोच आहे), ते जवळून काढलेली छायाचित्रे पाहून म्हटले जाते. हेलिकॉप्टर आणि ड्रोन येईपर्यंत तो चेहरा समोरासमोर पाहण्याची सोयच नव्हती. लेओनिदाने तो चेहरा त्या समोरासमोरच्या कॅमेऱ्यासाठी घडवलेला नाही.

माडाचीवाडी

गोव्याहून लिहितो. कोर्कोवादोचे एक भावंड लिस्बनसमोर, टेगस नदीच्या पलीकडच्या काठावर आल्मादा येथे आहे. लिस्बनचे कार्डिनल सेरेजेइरा यांनी १९३४ मध्ये रिओचा पुतळा पाहिला आणि पोर्तुगालातही असा असावा असे त्यांच्या मनाने घेतले. पुढे दुसरे महायुद्ध पेटल्यावर, १९४० मध्ये, पोर्तुगालच्या धर्माध्यक्षांनी फातिमा येथे नवस केला की देश युद्धापासून वाचला तर स्मारक उभारू. देश वाचला, नवस फेडला गेला आणि १७ मे १९५९ रोजी उद्घाटन झाले. गोवा तेव्हा अजून त्याच राजवटीखाली होता.

दोन्ही पुतळे शेजारी ठेवून पाहिले की पाथरवट यांच्या प्रश्नाला वेगळे उत्तर मिळते. आल्माद्याचा पुतळा २८ मीटरचा, म्हणजे रिओपेक्षा थोडासाच लहान. पण त्याला उचलून धरायला ८२ मीटरचा चौथरा बांधावा लागला, कारण तिथे डोंगर नाही, नदीकाठचा कडा आहे. चौथरा इतका अवाढव्य झाला की नजर आधी त्याच्यावरच जाते. रिओत हे काम डोंगराने फुकट केले. तेव्हा श्रेयाच्या यादीत कोर्कोवादोचे नाव पहिले घालावे, माणसांची नंतर.

सळई_सिमेंट

माडाचीवाडी यांचा मुद्दा मान्य. याला पूरक असे की उंचीत रिओला केव्हाच मागे टाकले गेले आहे. बोलिव्हियातल्या कोचाबांबाचा १९९४ चा ख्रिस्त ३४ मीटरहून उंच आहे, पोलंडमधल्या श्वेबोजिनचा २०१० चा त्याच्याशी स्पर्धा करतो, आणि खुद्द ब्राझीलमध्ये एन्कांतादो गावात त्याहून उंच पुतळा झाला आहे. तरी कोणी नाव घेतले की डोळ्यांपुढे कोर्कोवादोच येतो. उंचीची शर्यत लावणाऱ्यांनी, मग ते कुठलेही असोत, यावर थोडा विचार करायला हरकत नाही.

तर्कट

वीज पडून बोट तुटल्याची बातमी काही वर्षांपूर्वी वाचली होती. एवढ्या मोठ्या पुतळ्याला वीजवाहक नाही का?

सळई_सिमेंट

आहेत. डोक्यावर काट्यांच्या मुकुटासारखे जे दिसते ते वीजवाहकच आहेत, आणि बाहूंवरूनही वाहक गेलेले आहेत. पण उंच, एकाकी आणि टोकदार जागेवर वीज वारंवार उतरते, आणि ती दर वेळी वाहकावरच उतरेल अशी हमी नसते. फेब्रुवारी २००८ मध्ये डोके, भुवया आणि बोटांना इजा झाली, आणि जानेवारी २०१४ मध्ये उजव्या हाताच्या अंगठ्याचे टोक उडाले. त्यानंतरच्या दुरुस्तीत वाहकांची व्याप्ती वाढवली गेली. दुरुस्ती करणारे कामगार आतल्या जिन्याने चढून खांद्यावरच्या झडपेतून बाहेर येतात आणि दोरांना लटकून काम करतात.

निर्मळकाठ

दुरुस्तीत मूळचे तुकडे काढून नवे लावतात का? तसे असेल तर त्या मागे लिहिलेल्या नावांचे काय होते, असा विचार मनात आला.

पाथरवट (धागालेखक)

जे तुकडे सुटतात किंवा फुटतात तेवढेच बदलतात. शक्य तितके जुने राखण्याकडे कल असतो. नव्या तुकड्यांची मोठी अडचण रंगाची आहे. मूळ दगड फिकट, किंचित हिरवट छटेचा होता, आणि त्या छटेचा दगड आता पुरेसा मिळत नाही. २०१० च्या मोठ्या दुरुस्तीपासून जे तुकडे बसवले जातात ते थोडे गडद आहेत. त्यामुळे दर दुरुस्तीगणिक पुतळा अंशाअंशाने काळवंडत जाणार. चित्रलेखणी यांच्या आक्षेपाबद्दल: शैलीची निवड अभियंता करत नाही हे खरे, पण शिल्पकाराची निवड अभियंत्याने केली होती, आणि शैली पाहूनच केली होती. माझे मत तूर्त बदललेले नाही. लांडोव्स्कींच्या कार्यशाळेतल्या हातांच्या आणि मस्तकाच्या छायाचित्रांवर आपण वेगळा धागा काढलात तर तिथे जरूर भांडायला येईन.